१५४९ चं प्रार्थनापुस्तकाचं बंड अभ्यासायचं कसं

१५४९ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हन परगण्यातल्या सॅम्पफर्ड कोर्टने गावच्या लोकांनी आपल्याच पाद्र्याला, विल्यम हार्परला, जुनी वस्त्रं अंगावर चढवायला आणि लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिक पूजाविधी, म्हणायला लावली. आदल्याच दिवशी, रविवारी ९ जूनला, त्याने कायद्याप्रमाणे नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातून उपासना चालवली होती. पुढच्या दहा आठवड्यांत एक्सेटर शहराला बंडकऱ्यांचा वेढा पडून उठलाही, राजाचे इटालियन आणि जर्मन भाडोत्री सैनिक या मुलखातून फिरले आणि शेवटची लढाई पुन्हा सॅम्पफर्ड कोर्टनेपाशीच झाली. यावर लिहायला बसलेला माणूस हमखास पहिलं वाक्य लिहितो, ‘लोकांना लॅटिन हवं होतं.’ मग पुढचं सगळं लिखाण त्या एका वाक्याची पुरवणी होऊन बसतं.

त्यापेक्षा उलट्या टोकाने या. बंडकऱ्यांची मागणीपत्रं सगळ्यात शेवटी वाचा. आधी गावाच्या हातून काय काय गेलं, कोणत्या क्रमाने गेलं आणि त्याचा भुर्दंड कोणी भरला, हे मांडा. चार मोठे कागद पुरतात: एक तारखांचा, एक गेलेल्या वस्तूंचा, एक पैशाचा आणि एक मागण्यांचा. हीच पद्धत १५३६ च्या उत्तरेकडच्या बंडाला आणि १५६९ च्या सरदारांच्या उठावालाही चालते.

आधी शब्द ठरवा

मराठीत या विषयाचे शब्द आधीपासून दोन घरांत वाटलेले आहेत. वसईचा कॅथलिक ‘मिस्सा’ म्हणतो, प्रॉटेस्टंट घरात ‘उपासना’ आणि ‘प्रभुभोजन’ हे शब्द चालतात. लिहिताना यातला कुठलातरी एकच शब्द सरसकट वापरला, तर नकळत एक बाजू घेतली जाते. सोपा नियम ठेवा: जुन्या लॅटिन विधीला मिस्सा, १५४९ च्या पुस्तकातल्या विधीला उपासना. ‘झावळ्यांचा रविवार’, ‘राखेचा बुधवार’ हे आपल्याकडचे शब्द बिनधास्त वापरा. बंडकऱ्यांच्या यादीत झावळ्या आणि राख नाव घेऊन मागितल्या आहेत.

‘प्रॉटेस्टंट’ हा शब्द मात्र १५३६ च्या संदर्भात टाळा. तेव्हाचा राजा आठवा हेन्री. पोपशी त्याने संबंध तोडले होते, पण मिस्सा लॅटिनच होती. त्याने १५३९ मध्ये काढलेला सहा कलमांचा कायदा इतका जुन्या वळणाचा होता की १५४९ चे बंडकरी तोच परत मागतात. ‘कॅथलिक लोक विरुद्ध प्रॉटेस्टंट राजा’ ही मांडणी इथेच मोडते.

तारखांचा कागद

तीन सापळे आहेत. पहिला, इंग्लंडमध्ये तेव्हा कागदोपत्री वर्ष २५ मार्चला बदलायचं. जानेवारी ते २४ मार्चपर्यंतची तारीख दिसली की आजच्या हिशेबाने वर्षात एक मिळवा. दुसरा, राज्यारोहणाची वर्षं. १५४९ चा राजा सहावा एडवर्ड; त्याचं राज्य २८ जानेवारी १५४७ ला सुरू झालं, म्हणून त्याचं तिसरं वर्ष २८ जानेवारी १५४९ ते २७ जानेवारी १५५०. बंडाचा म्होरक्या हम्फ्री अरंडेल याला टायबर्नला फाशी दिलं ते नेमकं २७ जानेवारी १५५० ला, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी. जुन्या पद्धतीच्या कागदावर हे साल १५४९ असतं. तसंच उतरवून घेतलं तर बंड व्हायच्या साडेचार महिने आधीच म्होरक्या फासावर चढतो! तिसरा सापळा सणांचा. कागदात तारखेऐवजी ‘पेंटेकॉस्टचा सोमवार’ असं लिहिलेलं असतं. पेंटेकॉस्ट हा ईस्टरनंतरचा सातवा रविवार. त्या वर्षी ईस्टर २१ एप्रिलला होता, त्यात ४९ दिवस मिळवले की ९ जूनचा रविवार येतो. सोमवार १० जून, मिस्सा परत आली तो दिवस.

जुन्या ज्युलियन तारखा आजच्या कॅलेंडरमध्ये बदलायच्या भानगडीत पडू नका. सगळी साधनं जुन्याच तारखा देतात. बदललात की वार चुकतात, आणि इथे वाराला किंमत आहे. नवं पुस्तक रविवारी आलं आणि सोमवारी सणाची सुट्टी होती, म्हणून गाव चर्चपाशी जमलेलं होतं. १५३६ मध्ये लिंकनशरमधल्या लाउथला असंच झालं: रविवारी १ ऑक्टोबरला पाद्र्याचं प्रवचन, सोमवारी उठाव.

तारखा नीट लावल्या की पुस्तकी कारणं आपोआप गळतात. १५६९ चा उत्तरेकडचा उठाव पोपने राणी एलिझाबेथला बहिष्कृत केल्यामुळे झाला, असं सर्रास लिहिलेलं दिसतं. डरॅम कॅथीड्रलमध्ये इंग्रजी बायबल फाडून मिस्सा झाली ती १४ नोव्हेंबर १५६९ ला. पोपचं फर्मान फेब्रुवारी १५७० चं आहे, उठाव मोडल्यानंतरचं.

गावाचं काय गेलं

दुसऱ्या कागदावर उभे चार रकाने पाडा: वर्ष, हुकूम, गावातली वस्तू किंवा प्रथा, तिच्यावर पोट असलेला माणूस. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात आणि मग गावाला राग का आला ते कळत नाही.

भरायला सुरुवात १५३६ पासून करा. वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाचे मठ बंद झाले. त्याच उन्हाळ्यात सुगीच्या दिवसांतले कितीतरी सण रद्द झाले. १५३८ मध्ये मूर्तींपुढच्या मेणबत्त्यांवर बंदी आली. १५४७ मध्ये मिरवणुका आणि जपमाळ गेली, आणि मृतांसाठी मिस्सा म्हणायला ठेवलेल्या इनामांवर टाच आली. १५४८ मध्ये राख, झावळ्या आणि उरलेल्या सगळ्या मूर्ती. १५४९ मध्ये खुद्द मिस्सा. असं एकाखाली एक लिहिलं की दिसतं, नवं पुस्तक ही तेरा वर्षांच्या उताराची शेवटची पायरी होती.

डेव्हनच्या पश्चिमेला लागून असलेल्या कॉर्नवॉलसाठी याच कागदावर ५ एप्रिल १५४८ लिहा. त्या दिवशी हेल्स्टनला विल्यम बॉडी या सरकारी अधिकाऱ्याला जमावाने ठार केलं. तो चर्चमधल्या मूर्ती काढायच्या मोहिमेवर होता. प्रार्थनापुस्तक यायला अजून चौदा महिने होते.

पाद्र्याची अडचणही मांडा. नवं पुस्तक नाकारलं तर पहिल्या गुन्ह्याला एका वर्षाचं उत्पन्न आणि सहा महिने कैद, दुसऱ्याला पद जाऊन एक वर्ष कैद, तिसऱ्याला जन्मठेप. हार्पर दोन्हीकडून कात्रीत होता. त्याला बंडाचा पुढारी म्हणू नये.

वही वाचताना

तिसऱ्या, पैशाच्या कागदासाठी गावच्या चर्चची जमाखर्चाची वही हे सगळ्यात कामाचं साधन. इंग्लंडमधल्या बऱ्याच वह्या छापून निघाल्या आहेत, त्यामुळे सुरुवातीलाच हस्तलिखिताशी झुंजायची गरज नाही. एक्समूरच्या कडेला मोरबाथ नावाचं डेव्हनमधलं खेडं आहे. तेव्हा तिथे ३३ च्या आसपास कुटुंबं होती. तिथला पाद्री सर क्रिस्टोफर ट्रिकी १५२० ते १५७४ अशी ५४ वर्षं त्याच गावात राहिला आणि हिशेब त्याच्याच हातचे आहेत. ‘सर’ पाहून त्याला सरदार समजू नका. पदवी नसलेल्या पाद्र्याला तेव्हा तसंच म्हणत.

वाचायच्या आधी नाणी पाठ करा. एक पौंड म्हणजे २० शिलिंग, एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स. ‘मार्क’ नावाचं नाणं नव्हतं, ते हिशेबाचं माप होतं: १३ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाचे दोन तृतीयांश. त्यामुळे ६ शिलिंग ८ पेन्स हा आकडा पुन्हा पुन्हा दिसतो, तो अर्धा मार्क आहे. आकडे रोमन असतात आणि शेवटच्या ‘आय’ला शेपटी ओढून तो ‘जे’सारखा काढतात, नवशिका तिथे अडखळतो. रक्कम आजच्या रुपयांत सांगायच्या फंदात पडू नका. मजुरीत सांगा. शतकाच्या मध्याला साध्या मजुराला दिवसाला साधारण ४ ते ६ पेन्स मिळत. म्हणजे अर्धा मार्क ही दोन-तीन आठवड्यांची कमाई.

आता मोरबाथच्या १५४९ च्या नोंदी घ्या. गावातल्या पाच तरुणांना ‘छावणीवर’ जाण्यासाठी पैसे दिल्याचं त्यात आहे. एकाच्या नावावर नेमके ६ शिलिंग ८ पेन्स. कोणाची छावणी? नोंदीत बंड हा शब्दच नाही. सगळं ठिकाणाच्या नावावर अवलंबून आहे. ते ‘सेंट डेव्हिडचा माळ’ असं वाचलं तर उत्तर पक्कं होतं, कारण तो माळ एक्सेटरच्या तटाला लागून आहे आणि तिथे वेढा घालणाऱ्यांचा तळ होता. राजाचा सेनापती लॉर्ड रसेल तेव्हा पूर्वेला होनिटनकडे अडकून पडला होता. पण त्या काळच्या लिपीत एन, यू आणि व्ही या अक्षरांच्या उभ्या रेघा सारख्याच दिसतात, आणि वहीतल्या ‘डेव्हिस’चा, म्हणजे डेव्हिडचा, सहज ‘डेनिस’ होतो. तसं झालं की गाव राजनिष्ठ वाटायला लागतं आणि पोरं सरकारी फौजेत भरती झाल्याचा समज होतो. मोडी वाचणाऱ्यांना ही कसरत माहीत आहे: शब्द अक्षरावरून लावायचा आणि आजूबाजूच्या भूगोलावर तपासायचा. म्हणून वही वाचताना नकाशा शेजारी उघडा ठेवा.

ही नोंद मला मागणीपत्रातल्या कुठल्याही कलमापेक्षा बोलकी वाटते. गावाने पोरं पाठवली ती चोरून नाही, चर्चच्या हिशेबात खर्ची टाकून. राजाच्या लढाईसाठी माणसं द्यायची तेव्हा गाव असंच वर्गणी काढून, हत्यार देऊन, वाटखर्च देऊन पाठवत असे. बंडाने वेगळी यंत्रणा उभारली नाही, सरकारने शिकवलेलीच वापरली.

त्याच वहीत मागे जा. संतांच्या नावाने गावाच्या मेंढ्या होत्या, घराघरांत सांभाळायला दिलेल्या. त्यांच्या लोकरीतून मूर्तींपुढचे दिवे चालत. दिवे बंद झाले, पाठोपाठ मेंढ्यांचा हिशेबही संपला. ट्रिकीने मृतांच्या मिस्सेसाठी काळ्या वस्त्रांचा संच घ्यायला जवळपास वीस वर्षं पैसे साठवले. संच हाती आला आणि लगेचच मृतांसाठी मिस्सा म्हणणंच संपलं. हे वाचल्यावर पुन्हा ‘लोकांना लॅटिन हवं होतं’ लिहायला हात धजत नाही.

आता मागण्या

बंडकऱ्यांच्या याद्या एकापेक्षा जास्त आहेत. प्रत्येक यादीवर लिहा: कोणाची, कधीची, आपल्यापर्यंत कोणामार्फत आली. सगळ्यात प्रसिद्ध छापील यादीवर अरंडेल, बॉडमिन आणि टॉरिंग्टनचे महापौर आणि पाद्री यांची नावं आहेत. म्हणजे शब्द शिकलेल्यांचे आहेत. जुलैमध्ये राजाच्या नावाने दिलेल्या उत्तरात मेंढ्या आणि लोकरी कापडावरच्या नव्या कराची तक्रार खोडून काढलेली दिसते, पण या छापील यादीत कराचं नावही नाही. याचा अर्थ कर महत्त्वाचा नव्हता असा घेऊ नका. यादी बनवणारे बदलले की तक्रारी गाळल्या जातात.

मग एक एक कलम घ्या आणि दुसऱ्या कागदावरच्या ओळीशी जोडा. दोन कलमं इथे उलगडतो.

बाप्तिस्मा आठवड्याच्या कुठल्याही दिवशी व्हावा, असं एक कलम आहे. नव्या पुस्तकात बाप्तिस्मा शक्यतो रविवारी किंवा सणाला, सगळ्यांसमोर करावा असं सुचवलं होतं. अडीअडचणीला घरीही चालेल असंही लिहिलं होतं. सरकारने उत्तरात हेच दाखवलं आणि बंडकऱ्यांना अडाणी ठरवलं. पण बाळ जन्मल्यावर दोन दिवसांत दगावायचं, असा तो काळ. बाप्तिस्म्याशिवाय मेलेल्या बाळाचं काय होणार, हा आईचा प्रश्न होता. ‘शक्यतो’ हा शब्द तिच्यापर्यंत पोचलाच नाही. कलम चुकीच्या माहितीवर उभं असेल तर ते रद्दीत टाकू नका. माहिती कुठल्या वाटेने बिघडली ते शोधा.

दुसरं कलम आठवं: नवी उपासना आम्हाला नको, ती नाताळच्या खेळासारखी आहे; आणि आम्ही कॉर्नवॉलचे लोक, ज्यांतल्या काहींना इंग्रजी कळतच नाही, हे नवं इंग्रजी साफ नाकारतो. ‘नाताळचा खेळ’ ही नुसती शिवी नाही. नव्या पुस्तकात प्रभुभोजन घेणाऱ्यांनी वेदीकडच्या भागात येऊन थांबावं, पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला, अशी सूचना होती. गावकऱ्यांना त्यात नाताळातल्या नाचाच्या दोन रांगा दिसल्या. उपमा समजायची असेल तर पुस्तकातल्या प्रार्थना बाजूला ठेवा आणि कोणी कुठे उभं राहायचं, कधी हलायचं, त्या बारीक अक्षरातल्या सूचना वाचा.

भाषेच्या मुद्द्यावर आर्चबिशप क्रॅनमरने टोला हाणला की इंग्रजी काहींना कळत नाही म्हणून नाकारता, आणि मागता लॅटिन, जी जवळपास कोणालाच कळत नाही. तर्क बिनतोड आहे आणि तरी नेम चुकला आहे. लॅटिन मिस्सा समजायची नव्हती, बघायची आणि ऐकायची होती. कुठल्या घंटेला गुडघे टेकायचे ते लहान पोरालाही ठाऊक होतं. कॉर्निश बोलणाऱ्याला इंग्रजी मात्र शेजारच्या धन्याची भाषा वाटत होती.

एक कलम धर्माचं अजिबात नाही: १०० मार्क उत्पन्नामागे सरदाराने एकच नोकर ठेवावा. १०० मार्क म्हणजे ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. इथे पैशाचा कागद पुन्हा काढा. मोठ्या घरांचे नोकर म्हणजे गावावर धाक बसवणारी फौजच. सॅम्पफर्ड कोर्टनेला बंडाचा पहिला बळी गेला तोही समजूत घालायला आलेला एक जमीनदार, विल्यम हेलियन्स.

अफवा फेकून देऊ नका

१५३६ मध्ये उत्तरेत बोललं जात होतं की चर्चची चांदीची भांडी जप्त होणार, पाच मैलांत एकच चर्च ठेवणार, बाप्तिस्मा-लग्न-दफनावर कर बसणार. अभ्यासक बऱ्याचदा ‘खोट्या अफवा’ म्हणून पुढे जातात. त्यापेक्षा एक रकाना वाढवा: पुढे यातलं खरं काय झालं? १५३८ मध्ये प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची नोंदवही ठेवायचा हुकूम झाला. कर बसला नाही, पण मोजणी सुरू झाली. चांदीची भांडी १५५२-५३ मध्ये खरोखर गेली. लोक भोळे नव्हते. मठांची मोजदाद झाली आणि मग मठ गेले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आकडे आणि शेजारची बंडं

जमावाचे आणि मेलेल्यांचे आकडे कधीच एका संख्येत देऊ नका. ‘कोणाच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द जोडा. एक्सेटरचा जॉन हूकर वेढ्याच्या वेळी शहरात होता, म्हणून तो मोलाचा साक्षीदार. पण त्याने लिहिलं नंतर, आणि शहराच्या बाजूने लिहिलं. बखरीला जी सावधगिरी लावता तीच इथे लावा: ठिकाणं आणि क्रम विश्वासाने घ्या, हेतू आणि संख्या तपासून घ्या. १५३६ चा पुढारी रॉबर्ट आस्क याची जबानी वाचताना उत्तराआधी प्रश्न वाचा. कैदेतला माणूस विचारलं तेवढंच सांगतो, आणि विचारणाऱ्याला कट हवा होता.

१५४९ च्याच उन्हाळ्यातलं नॉर्फकमधलं रॉबर्ट केटचं बंड या टिपणात मिसळू नका. त्याच्या २९ मागण्या मुख्यतः जमीन, खंड आणि चराईच्या आहेत, आणि त्याच्या मूसहोल्डच्या छावणीत नव्याच पुस्तकातून प्रार्थना चालत. त्याचा उल्लेख एकाच कारणासाठी करा: दोन टोकांना आग लागल्यामुळे सरकारकडे माणसं आणि पैसा कमी पडला आणि एक्सेटरचा वेढा २ जुलैपासून ६ ऑगस्टपर्यंत चालला.

बंड मोडल्यावर वही मिटू नका. डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये प्रत्येक चर्चने सगळ्यात लहान घंटा ठेवून बाकीच्या उतरवाव्यात, असा हुकूम निघाला, कारण गावं गोळा झाली होती ती घंटांच्या आवाजावर. १५४९ नंतरच्या पानांवर सुतार, दोरखंड आणि घंटेच्या लोलकाचा खर्च शोधा. मग १५५३ ची पानं उघडा, कॅथलिक मेरी राणी झाली ते वर्ष. मोरबाथमध्ये घरोघरी जपून ठेवलेल्या चर्चच्या वस्तू एकेक करून परत जमा होताना दिसतात, आणि प्रत्येकीपुढे आणून देणाऱ्याचं नाव असतं.